थोडी जागा सोडा

मी एक कात्रण बोलतेय. कागदाचं नव्हे हो, कात्री मला कधी लागलीच नाही. मी एका कॉम्प्युटरच्या पोटात राहते, ‘आई कापलेली’ नावाच्या फाइलमध्ये. हे नाव अप्पांनी दिलं. त्यांच्या लेकीने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला होता, पण अप्पांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. जे केलं ते लिहिलं, एवढंच.

माझ्या मागे राखाडी आणि पांढरे चौकोन आहेत, फरशीसारखे. फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये त्या चौकोनांचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा होतो. म्हणजे काही नसण्यावर मी उभी आहे. पायात घरातल्या स्लिपर, खांद्यावर हात पुसायचा नॅपकिन, तोंड अर्धवट उघडं, आणि एक हात हवेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे घोळ व्हायचा. मी म्हणजे ती नव्हे. ती अप्पांची बायको होती. तिला भूक लागायची, राग यायचा, गुडघे दुखायचे. मी तिचं नुसतं चित्र. मला काही होत नाही. कुणी माझ्याकडे बघून हसलं काय आणि डोळे पुसले काय, मला सारखंच. तेव्हा माझ्याकडून हुंदक्यांची अपेक्षा ठेवू नका, मी फक्त झालं ते सांगते.

घरी कार्डं करायचं खूळ तिचंच. ती दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसायची. तिथल्या कॉम्प्युटरवर रिकाम्या वेळात फोटो जोडायला, रंग उजळवायला, अक्षरं टाकायला ती आपली आपण शिकली. “दुकानातल्या कार्डावर दुसऱ्याच कुणाचे तरी शब्द असतात,” ती म्हणायची. “आपल्या शुभेच्छा आपल्या तोंडच्या हव्यात.” मग घरी कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, आणि वर्ष संपायला आलं की सगळ्या नातेवाइकांना नव्या वर्षाचं घरगुती कार्ड जायला लागलं. वर घरच्यांचा फोटो, आत दोन ओळी.

पहिल्या वर्षी तिने गंमतच केली. एकाच कागदाची चार घड्यांची कार्डं होती ती. त्यात कागदाचा अर्धा भाग उलटा छापावा लागतो, म्हणजे घडी घातल्यावर तो सुलटा येतो. हे तिला कळलं सगळी कार्डं छापून झाल्यावर. वर फोटो सरळ, आत मजकूर डोक्यावर उभा! अप्पा पोट धरून हसले. म्हणाले, “तुझी कार्डं वाचायला माणसाने शीर्षासन घालायचं का?” ती म्हणाली, “घालू देत. तेवढाच व्यायाम.” आणि तिने ती तशीच पाठवली.

अप्पा म्हणजे सलूनवाले अप्पा. लेकीपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना अप्पाच म्हणतात. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, एवढंच त्यांचं सलून. तेव्हा ते फार बोलायचे. गिऱ्हाइकाचे केस कमी आणि कान जास्त कापतात, असं ती चारचौघांत म्हणायची.

माझा फोटो कॉलेजात जाणाऱ्या लेकीने काढला. अप्पांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, शेजारी तिची थोरली बहीण, म्हणजे लेकीची मावशी. मावशीच्या खांद्यावर हिचा हात. डावीकडच्या खिडकीतून दोघींवर उजेड पडलेला. गॅसवर दूध ठेवलेलं, आणि लेक कॅमेरा वरखाली करत बसलेली. “आटप गं बाई, दूध उतू जाईल!” असं ती म्हणत होती, आणि नेमकं तेव्हाच लेकीने बटण दाबलं. माझं तोंड उघडं आहे ते त्यामुळे. कार्डावर बघणाऱ्या लोकांना ते हसू वाटतं. दूध अर्थातच उतू गेलं आणि बोलणी लेकीला बसली.

पुढे एका सकाळी ती दवाखान्यात काउंटरवर बसल्या बसल्याच गेली. समोर उभ्या असलेल्या पेशंटला वाटलं, बाई वाकून खणात काहीतरी शोधताहेत. तो बराच वेळ तसाच थांबून राहिला.

अप्पा रडले नाहीत. घरात माणसं आली, बसली, गेली. मावशी म्हणाली, “भावोजी, एकदा रडून घ्या. मोकळं वाटेल.” अप्पा म्हणाले, “हो, घेतो.” औषधाची गोळी घेतो म्हणावं तसं म्हणाले. मग त्यांनी दुकान उघडलं. गिऱ्हाइकांना काय बोलावं सुचेना, अप्पांना बोलावंसं वाटेना. कात्रीचा आवाज तेवढा चालू राहिला.

वर्ष संपत आलं तेव्हा मावशीने फोनवर भीत भीत विचारलं, “या वर्षी कार्ड नसेलच ना?” अप्पा म्हणाले, “का नसेल? दरवर्षी असतं.” आणि ते तिच्या खुर्चीत जाऊन बसले.

त्यांना यातलं ओ की ठो येत नव्हतं. लेकीला फोन करून करून ते शिकले. एक बोट आणि एक चष्मा, एवढ्या भांडवलावर. आणि शिकल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे त्या फोटोतून मला वेगळं काढलं.

मला कापायला किती संध्याकाळी गेल्या, मी मोजल्या नाहीत. प्रोग्रॅममध्ये झटपट कापायची सोय असते, पण ती केसांची वाट लावते. टोपी घातल्यासारखं डोकं दिसतं. अप्पांना ते कसं चालणार? कानामागची सुटी बट, कपाळावरचे चुकार केस, मानेवरची लव, सगळं त्यांनी एकेक करून भिंतीपासून सोडवलं. आयुष्यभर त्यांनी माणसांचे केस कापले, माझा मात्र एकही कापला नाही.

मावशीला काढून टाकलं. मग माझा हात हवेत लोंबायला लागला, म्हणून तो त्यांनी कार्डावर स्वतःच्या खांद्यावर आणून ठेवला. बोटांच्या फटीत मावशीच्या हिरव्या बाहीचा एक ठिपका अडकून राहिला, तो काही केल्या निघेना. दरवर्षी अप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तो तेवढा हिरवा दिसतो.

खरी पंचाईत झाली उजेडाची. माझ्यावर उजेड डावीकडून. घरच्यांचा फोटो निघायचा बाहेरच्या खोलीत, तिथे खिडकी उजवीकडे. शेजारी शेजारी ठेवलं की मी परक्या घरातून आल्यासारखी दिसायचे. अप्पांनी मला आडवं उलटवलं, आरशात दिसतं तसं. उजेड जुळला. ज्या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकांची तोंडं आरशातच पाहिली, त्याला त्यात काय खटकणार? उलटवलेलीच मी ‘आई कापलेली’ म्हणून साठवली गेले.

आणि मग त्या घरात एक रीत पडली. वर्षाच्या शेवटी लेक माहेरी यायची, फोटोसाठी सगळे खिडकीजवळ उभे राहायचे. अप्पा कॅमेरा स्टुलावर ठेवून घड्याळ लावायचे आणि म्हणायचे, “माझ्या शेजारी थोडी जागा सोडा.” सगळे निमूट सरकायचे. त्या जागेत नंतर मी यायचे.

लेकीचं लग्न झालं. जावई पहिल्यांदा फोटोला उभा राहिला तो नेमका तिथेच. अप्पा म्हणाले, “जावईबापू, जरा पलीकडे. जागा सोडा.” त्याने भाबडेपणाने विचारलं, “कुणी यायचंय का अजून?” लेकीने त्याच्या कोपराला धरून त्याला बाजूला घेतलं. पुढच्या वर्षापासून तोही न सांगता जागा सोडायला शिकला. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी जवळून पाहिलंय.

एक कार्ड सलूनच्या आरशालाही लावलेलं असायचं. एका नव्या गिऱ्हाइकाने ते पाहून म्हटलं, “अप्पा, वहिनी तुमच्या मानाने बऱ्याच तरुण दिसतात हो!”

“तब्येत चांगली आहे तिची,” अप्पा म्हणाले. कात्री थांबली नाही.

खरंच होतं म्हणा. अप्पांच्या भुवया पांढऱ्या झाल्या, जावयाला पोट सुटलं, लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं. मी आहे तशी. मावशी म्हणायची, “बघा, ही अजून तशीच आणि माझं झालंय पाप्याचं पितर! मलाही तेव्हाच कापून ठेवायचं होतंत, भावोजी.” सगळे हसायचे. अप्पा नाही हसायचे. ते म्हणायचे, “पुढच्या वेळी,” आणि चष्मा पुसायला घ्यायचे.

ते तिचे दुसरे फोटो कधी उघडत नसत. त्याच कॉम्प्युटरवर ढीगभर होते; हसतानाचे, झोपलेली असतानाचे, तोंडात घास असतानाचे. अप्पा फक्त मलाच उघडायचे. “जरा डावीकडे ये,” असं पुटपुटायचे, मला सरकवायचे, छापायचे, बंद करायचे. मला वाटतं त्यांना त्या वेळी काहीच वाटत नसावं. त्या बाबतीत आमचं दोघांचं बरं जमायचं.

पण यंदा मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोटोच्या दिवशी आली ती नवी नजर घेऊनच. “आता मला सगळं दिसतं, हीच पंचाईत झालीय,” म्हणाली. कपाटावरचं मागच्या वर्षीचं कार्ड तिने हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

“भावोजी, हिचा तीळ या गालावर कसा?”

“तिथेच होता,” अप्पा म्हणाले.

“छे हो. डाव्या गालावर होता. माझ्या पाठीवरची बहीण ती, मला सांगता?”

“ताई, संसार मी केलाय तिच्याबरोबर. उजव्या गालावर.”

लेक कॉम्प्युटरजवळ गेली आणि तिने जुना फोटो उघडला. स्वयंपाकघराचं दार, दोघी बहिणी, डावीकडचा उजेड. तीळ डाव्या गालावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. खरी ती तिथेच होती, माझ्यापासून एका बोटाच्या अंतरावर.

अप्पा वाकून बघत राहिले. मग आपल्याच गालाला हात लावून बघितला, आधी एका, मग दुसऱ्या. “मला उजवाच आठवतोय,” ते हळूच म्हणाले. “डावा आठवतच नाही गं.”

मला तीळ कुठेही चालतो. पण त्या खोलीतल्या माणसांना ते फार लागलं, हे मलाही कळलं. मावशी कार्ड पालथं घालून म्हणाली, “जाऊ द्या, माझंच चुकलं. चला, उजेड आहे तोवर फोटो काढून घेऊ.”

सगळे खिडकीजवळ उभे राहिले. “थोडी जागा सोडा,” अप्पा म्हणाले. जागा सुटली. लेकीची मुलगी मावशीचा हात धरून कडेला उभी होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात; एका जागी राहील तर शपथ. शाळेत नुकतीच जायला लागलेली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागला, अप्पा धावत येऊन जागेवर उभे राहिले, आणि शेवटच्या क्षणी भिंगरी मावशीचा हात सोडून थेट त्या मोकळ्या जागेत घुसली. अप्पांचं बोट तिने घट्ट पकडलं. सगळे दचकून हसले. अप्पासुद्धा.

नंतर अजून फोटो काढले, पण एकात जावई शिंकतोय, एकात मावशीचे डोळे मिटलेले, एकात भिंगरीने भोकाड पसरलेलं. मग उजेडच गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीला निघायचं होतं. भिंगरी मध्ये घुसली तो एकच फोटो धड आला होता.

“असूच दे ना अप्पा असाच,” लेक म्हणाली. “तुम्ही किती छान हसलात यात.”

“आणि तिची जागा?”

लेक भिंगरीला झोपवायला उठली.

“जमवतो मी,” अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आणि जावई आत सामान भरत होते. अप्पा कॉम्प्युटरवर बसले. मला आणून त्यांनी भिंगरीवर ठेवलं. पण मी अंगाने बारीक, आणि ती दोन्ही हात पसरून उभी. माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी तिचा फ्रॉक बाहेर येई. मला मोठं केलं तर मी राक्षसीण दिसे, मागे सरकवलं तर अप्पांच्या खांद्यावर हात पोचेना. मग त्यांनी मला तात्पुरतं बाजूला ठेवलं आणि पुसायला सुरुवात केली.

प्रोग्रॅममध्ये एक शिक्का असतो. एका जागची भिंत उचलायची आणि नको असलेल्या गोष्टीवर मारायची. अप्पांचा हात त्यात बसलेला होता. भिंगरीचे बूट गेले, तिथे फरशी आली. फ्रॉक गेला, भिंत आली. केसांवरून भिंत फिरली तेव्हाही ते थांबले नाहीत. ते काम करत होते, एवढंच. शेवटी राहिली ती अप्पांच्या बोटाला धरलेली एक छोटीशी मूठ, आणि अप्पा ती पुसायला वाकले.

“आजोबा, मी कुठे गेले?”

भिंगरी झोपेतून उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी होती. एका हाताने डोळे चोळत.

अप्पांनी माउस सोडला. जणू विस्तवच लागला.

“मी होते ना तिथे?” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “तुमचं बोट धरलं होतं. आता नुसता हातच आहे.”

“आहेस, आहेस. आणतो हं परत, थांब,” अप्पा घाईघाईने म्हणाले आणि केलेलं मागे घ्यायची बटणं दाबू लागले. केस आले. कपाळ आलं. हनुवटीपर्यंत भिंगरी परत आली आणि अडली. प्रोग्रॅम ठरावीक पावलंच मागे जातो, हे अप्पांना ठाऊक नव्हतं. मागे जायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. गळ्याखाली भिंत ती भिंतच. भिंगरीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि ओठ काढला.

अप्पा घाबरले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ज्या दिवशी घाबरायचं त्या दिवशीही नाही. “अगं, बाहेर ये!” त्यांनी लेकीला हाक मारली. “पोर पुसली गेली माझ्या हातून!”

लेक धावत आली. तिने पडदा पाहिला, बापाचं तोंड पाहिलं. रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग शांतपणे म्हणाली, “काही झालेलं नाही अप्पा. मूळ फोटो तसाच आहे. हे न साठवता बंद करा फक्त.”

“मग हिचं?” त्यांनी कडेला ठेवलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं.

“या फोटोतून तीही जाईल. सगळंच जाईल. पोर तेवढी परत येईल.”

अप्पांनी बंद करायचं बटण दाबलं. प्रोग्रॅमने विचारलं, केलेले बदल साठवायचे का? अप्पांनी चष्मा सारखा करून तो प्रश्न दोनदा वाचला. मांडीवर भिंगरीला घेतलं. मग माउस सरकवून त्यांनी ‘नाही’वर बोट दाबलं.

मूळ फोटो उघडला. भिंगरी अख्खी होती, बुटांसकट. ती खूश झाली आणि लगेच पाणी प्यायला आत पळाली. अप्पांनी त्या फोटोला काही केलं नाही. दोन ओळी टाकल्या, अर्धा भाग आठवणीने उलटा फिरवला आणि प्रिंटर सुरू केला. खरखर करत पहिलं कार्ड बाहेर आलं. त्यांनी त्याला घडी घातली, नखाने दाबली आणि लेकीच्या हातात दिलं.

लेक कार्ड बघत राहिली. असंच असू दे म्हणणारी तीच, पण आता तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सवयीने तिची नजर अप्पांच्या शेजारी गेली होती.

“अप्पा,” ती लहान मुलीसारखी म्हणाली, “आई?”

अप्पा प्रिंटरमध्ये कागद घालत होते. त्यांनी वळून बघितलं नाही.

“आत गेलीय ती,” म्हणाले. “दूध उतू जात होतं.”

लेक हसली, आणि हसता हसता खाली बसली. अप्पा कागद तसाच हातात धरून उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मावशीने सांगितलेली ती गोळी त्यांनी इतक्या वर्षांनी घेतली. भिंगरी पाण्याचा पेला घेऊन दारात येऊन थांबली. “काय झालं आजोबांना?” तिने विचारलं. लेकीने तिला जवळ ओढून घेतलं.

मी आहे माझ्या फाइलमध्ये, चौकोनांवर. अप्पांनी मला पुसून टाकलेलं नाही, उघडलेलंही नाही. ते आता संध्याकाळी जुने फोटो बघतात. तोंडात घास असतानाचे, झोपेतले, रागातले. तीळ डावीकडे.

तुमच्याही घरी असं एखादं कात्रण असेल, तर त्याच्या वतीने एक सांगते. आम्हाला ठेवा, जागा फार लागत नाही आम्हाला. पण फोटोला उभे राहाल तेव्हा आमच्यासाठी सरकू नका. आम्हाला काही वाटत नाही. ज्यांना वाटतं, त्यांना मध्ये घ्या.